पोस्टग्रेसचा ऑटोव्हॅक्यूम, आवृत्ती १८: यंत्र दमदार, मूळ सेटिंग भित्री

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस फुकट मिळतो आणि त्याच्याबरोबर ऑटोव्हॅक्यूम नावाचा सफाई कामगारही फुकटच येतो. बहुतेक संघांची त्याच्याशी ओळख तक्रारीतून होते. भर दुपारी ॲप्लिकेशन मंदावते, कोणीतरी चालू प्रक्रियांची यादी काढतो, तिच्यात सगळ्यांत मोठ्या टेबलावर ऑटोव्हॅक्यूम चालू असलेला दिसतो आणि पुढच्या बैठकीत तो बंद ठेवण्याचा किंवा आणखी हळू करण्याचा प्रस्ताव येतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो : हा घटक त्रास देतो तेव्हा बहुधा तो उशिरा जागा झालेला असतो आणि त्याला फार हळू चालायला सांगितलेले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत त्याचे बरेच दोष दूर झाले आहेत. जे उरले आहेत त्यांचाही हिशेब या परीक्षणात मांडला आहे.

आधी त्याची गरज का पडते ते थोडक्यात पाहू. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी नोंद पुसली जात नाही. नवी नोंद वेगळी लिहिली जाते आणि जुनी तिथेच राहते, कारण आधीपासून चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या व्यवहाराला) ती अजून दिसायला हवी असू शकते. ती कोणालाच लागणार नाही अशी वेळ आली की ती मृत ठरते, आणि तिची जागा पुन्हा वापरण्याजोगी करणे हे व्हॅक्यूमचे काम असते. ऑरॅकल किंवा मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन जुनी रूपे अन्डूच्या वेगळ्या जागेत ठेवते, त्यामुळे तिथे सफाईचा भार मुख्य टेबलावर अशा रीतीने पडत नाही. उबरने २०१६ मध्ये पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाण्याची जी कारणे जाहीरपणे मांडली, त्यांत एकेका बदलामागे होणारे जादा लेखन हे ठळक कारण होते. पोस्टग्रेसने मात्र आपली रचना बदलली नाही, सफाई सुधारत नेली. ऑटोव्हॅक्यूम २००५ मध्ये ८.१ या आवृत्तीत गाभ्यात आला आणि २००८ च्या ८.३ पासून तो मुळातच चालू स्थितीत मिळू लागला. त्याच ८.३ मध्ये हॉट ही सोयही आली, जिच्यामुळे इंडेक्समधील (नोंदी पटकन शोधण्याच्या सूचीतील) स्तंभ बदलत नसतील आणि त्याच पानावर (डेटा साठवण्याच्या ८ केबीच्या तुकड्यावर) जागा असेल, तर नव्या नोंदीसाठी इंडेक्सला हात लावावा लागत नाही. सतत बदलणाऱ्या टेबलांचा फिलफॅक्टर, म्हणजे पान किती टक्के भरायचे ते प्रमाण, मूळच्या १०० वरून ९० किंवा त्याहून थोडा खाली आणला की व्हॅक्यूमच्या वाट्याला येणारे कामच कमी होते, आणि तरीही हा उपाय फार कमी ठिकाणी केलेला दिसतो.

कामगिरीवरचा परिणाम आवरण्यासाठी ऑटोव्हॅक्यूममध्ये जी मुख्य यंत्रणा आहे ती खर्चाच्या हिशेबावर चालते. पान शेअर्ड बफरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या सामायिक मेमरीत, सापडले तर १ गुण, नसले आणि बाहेरून आणावे लागले तर २ गुण, स्वच्छ पान मळवावे लागले, म्हणजे बदलून पुढे डिस्कवर लिहावे लागणार असेल, तर २० गुण. गुणांची बेरीज २०० झाली की वर्कर (सफाई करणारी प्रक्रिया) २ मिलिसेकंद झोपतो आणि पुन्हा कामाला लागतो. म्हणजे झोप वगळता बाकी वेळ शून्य धरला, तरी सेकंदाला जास्तीत जास्त १ लाख गुणांचे काम होते : ८ केबीची ५,००० पाने मळवता येतात, जे सेकंदाला सुमारे ४० एमबी लेखन झाले, किंवा ५०,००० पाने वाचता येतात, म्हणजे सुमारे ४०० एमबी. आजच्या एनव्हीएमई डिस्कसाठी लेखनाची ही मर्यादा सौम्य आहे. ती कोणाचे ॲप्लिकेशन पाडेल असे म्हणणे कठीण आहे.

पण हे आकडे नेहमीच असे नव्हते, आणि ऑटोव्हॅक्यूमची बदनामी झाली ती जुन्या आकड्यांच्या काळात. २०१९ च्या १२व्या आवृत्तीपर्यंत झोप २ ऐवजी २० मिलिसेकंदांची होती, आणि १४ च्या आधी पान बाहेरून आणण्याचे २ ऐवजी १० गुण लागत. त्या हिशेबाने सेकंदाला फार तर ८ एमबी वाचन किंवा ४ एमबी लेखन होत असे. २०० जीबीचे टेबल ८ एमबीच्या गतीने एकदा नुसते वाचून काढायलाच सुमारे सात तास लागतात, आणि त्या सात तासांत ॲप्लिकेशन नव्या मृत नोंदी तयार करतच असते. कित्येक ठिकाणी आवृत्ती वाढवली गेली, पण जुन्या सेटिंगची फाईल जशीच्या तशी पुढे आणली गेली, त्यामुळे १५ किंवा १६ वरही २० मिलिसेकंदांची झोप आढळते. परीक्षणाच्या ओघात एवढे सुचवतो की ही फाईल आजच उघडून पाहावी.

या हिशेबाचा सर्वांत फसवा भाग म्हणजे वाटणी. २०० गुणांची मर्यादा प्रत्येक वर्करला स्वतंत्र मिळत नाही. चालू असलेल्या सर्व वर्करांमध्ये ती वाटली जाते. मूळ सेटिंगमध्ये तीन वर्कर असतात. सफाई मागे पडते आहे असे वाटून कोणी ते दहा केले, तर दहा वर्कर तेवढेच एकूण काम आणखी हळू करतात आणि मोठ्या टेबलावर बसलेल्या वर्करचा वाटा आणखी घटतो. वर्कर वाढवायचे असतील तर गुणांची मर्यादा त्या प्रमाणात वाढवायला हवी. डिस्क चांगली असेल तर २०० ची १,००० किंवा २,००० करायला हरकत नसते. ज्या टेबलाला स्वतःची वेगळी मर्यादा किंवा झोप नेमून दिली आहे ते या वाटणीतून बाहेर राहते, आणि दोन-तीन अवाढव्य टेबले असलेल्या डेटाबेससाठी हीच सोय सर्वांत उपयोगी आहे. अधिकृत दस्तऐवजात हे सगळे लिहिलेले आहे. पण वर्करांची संख्या वाढवणाऱ्याच्या नजरेला ते पडत नाही, आणि सेटिंगचे नावही त्याला सावध करत नाही.

आता उशिराचा मुद्दा. एखाद्या टेबलात ५० अधिक एकूण नोंदींच्या २० टक्के इतक्या मृत नोंदी साठल्या की ऑटोव्हॅक्यूम तिकडे वळतो. दहा हजार नोंदींच्या टेबलाला हा नियम छान लागू पडतो. शंभर कोटी नोंदींच्या टेबलाला तो लावला की वीस कोटी मृत नोंदी साचेपर्यंत कोणी फिरकत नाही. मग जे काम सुरू होते ते मोठे असणारच. १७ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर ही उशिरा केलेली सफाई दुहेरी महाग पडत असे, कारण मृत नोंदींचे पत्ते मेमरीत साध्या यादीत, प्रत्येकी ६ बाइट याप्रमाणे ठेवले जात. मेंटेनन्स वर्क मेम या सफाईसाठीच्या मेमरी सेटिंगच्या मूळच्या ६४ एमबीत सुमारे एक कोटी बारा लाख पत्ते मावतात. यादी भरली की टेबलावरचे सगळे इंडेक्स आरंभापासून शेवटपर्यंत वाचायचे, यादी रिकामी करायची आणि पुढे जायचे. वीस कोटी नोंदींसाठी अशा अठरा फेऱ्या होतात, त्याही प्रत्येक इंडेक्सवर. दुपारी मंदावलेल्या ॲप्लिकेशनचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. १७व्या आवृत्तीने यादीऐवजी रॅडिक्स ट्रीची रचना आणली आणि १ जीबीची जुनी मर्यादाही काढून टाकली. त्यामुळे तेच पत्ते फार कमी जागेत मावतात आणि बहुतेक टेबलांचे काम इंडेक्सच्या एकाच फेरीत आटोपते. माझ्या मते अलीकडच्या काळातील व्हॅक्यूममधली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि तिच्यासाठी वापरकर्त्याला एकही सेटिंग बदलावे लागत नाही.

१८व्या आवृत्तीने उशिरावरही थोडा उपाय केला आहे : मृत नोंदींच्या उंबरठ्याला १० कोटींची वरची मर्यादा घातली आहे. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. मोठ्या टेबलांसाठी २० टक्क्यांचे प्रमाण टेबलावरच बदलून १ टक्का किंवा त्याहून कमी करावे, म्हणजे सफाई वारंवार आणि लहान होते. घर रोज झाडून घेणे आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षभराचा कचरा काढणे यांत कोणत्या दिवशी घरातल्यांची जास्त अडचण होते हे सांगायला नको. वारंवार सफाईचा आणखी एक फायदा असा की १४व्या आवृत्तीपासून, मृत नोंदी अगदी थोड्या पानांवर, म्हणजे टेबलाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी पानांवर असतील, तर व्हॅक्यूम इंडेक्सची फेरी बहुधा टाळतो. ज्यांच्या टेबलांत फक्त नव्या नोंदी जमा होतात त्यांच्यासाठी १३व्या आवृत्तीने नव्या नोंदींच्या संख्येवरून व्हॅक्यूम सुरू करण्याची सोय आणली. तिच्याआधी अशी टेबले वर्षानुवर्षे अस्पर्श राहत आणि मग एके दिवशी सक्तीची सफाई होत असे.

या सक्तीच्या सफाईकडे येतो. पोस्टग्रेसचे ट्रान्झॅक्शन क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि कोणत्याही क्षणी सुमारे २०० कोटी क्रमांकच मागचे म्हणून ओळखता येतात. त्यामुळे जुन्या नोंदींना गोठवून त्यांचा क्रमांकाशी असलेला संबंध तोडावा लागतो. एखाद्या टेबलाचे वय, म्हणजे त्यातल्या सर्वांत जुन्या न गोठवलेल्या क्रमांकानंतर वापरलेल्या क्रमांकांची संख्या, २० कोटींवर गेले की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेला असला तरीही ही सफाई सुरू होते. नेहमीचा ऑटोव्हॅक्यूम अत्यंत सभ्य आहे : त्याच्या लॉकमुळे (टेबलावर घेतलेल्या ताब्यामुळे) वाचन किंवा लेखन अडत नाही, आणि टेबलाची रचना बदलणारे कोणी त्याच्यामुळे अडकले तर साधारण सेकंदाभरात तो स्वतःचे काम सोडून बाजूला होतो. सक्तीचा ऑटोव्हॅक्यूम बाजूला होत नाही. अशा वेळी कोणी एखादा ट्रिगर किंवा स्तंभ काढण्याची आज्ञा दिली की ती आज्ञा व्हॅक्यूममागे थांबते, आणि तिने मागितलेले लॉक सर्वांत कडक असल्यामुळे तिच्यामागे साध्या वाचनाच्या क्वेरीही रांगेत उभ्या राहतात. जुलै २०१५ मध्ये जॉयंटच्या मांटा या साठवण सेवेत नेमके हेच घडले, आणि कंपनीने त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात सेंट्री या त्रुटी-नोंदणी सेवेला क्रमांक संपत आल्यामुळे लेखन थांबल्याचा अनुभव आला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल सेवेलाही. रचना बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेआधी लॉक टाइमआऊट, म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मर्यादा, दोन-तीन सेकंदांवर ठेवला, तर पहिल्या प्रकारची दुर्घटना टळते. दुसऱ्या प्रकारासाठी १४व्या आवृत्तीने सुरक्षेची शेवटची पायरी दिली आहे, जिच्यात वय १६० कोटींवर गेले की व्हॅक्यूम झोपणे सोडून देतो आणि इंडेक्सची सफाई वगळून केवळ गोठवण्याचे काम उरकतो.

सभ्यतेचीही एक गैरसोय आहे. काही ठिकाणी दर थोड्या वेळाने टेबलावर कडक लॉक घेणारी कामे नेमलेली असतात; त्या प्रत्येक वेळी ऑटोव्हॅक्यूम माघार घेतो, आणि मोठ्या टेबलाची सफाई कधीच पूर्ण होत नाही. लॉगमध्ये ऑटोव्हॅक्यूम रद्द झाल्याच्या ओळी वारंवार दिसत असतील तर दोष त्या नेमलेल्या कामांत शोधावा. वाचन-लेखन न अडवण्याला अपवाद फक्त एका टप्प्याचा आहे : टेबलाच्या शेवटची रिकामी पाने कापून डिस्कला परत देताना व्हॅक्यूम क्षणभर पूर्ण लॉक घेतो. मुख्य सर्व्हरवर तो वाट पाहून सोडून देतो, पण तेच लॉक रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) पुन्हा घेतले जाते तेव्हा तिथल्या अहवालांच्या क्वेरी त्याला आड येतात आणि रद्द होऊ शकतात. १२ पासून हे कापणे टेबलानुसार बंद करता येते, १८ पासून सर्वत्र एकाच सेटिंगने. रेप्लिकावर अहवाल चालवणाऱ्यांनी ते बंदच ठेवावे.

कामगिरीवरच्या परिणामाची दुसरी वाट वॉलची, म्हणजे प्रत्येक बदल आधी लिहून ठेवणाऱ्या नोंदवहीची, आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. चेकपॉइंटनंतर, म्हणजे मेमरीतील बदललेली पाने ठरावीक काळाने डिस्कवर उतरवल्यानंतर, एखादे पान पहिल्यांदा बदलले की संपूर्ण पान वॉलमध्ये लिहिले जाते. व्हॅक्यूम लाखो पानांना एकेकदा हात लावतो, त्यामुळे चेकपॉइंट जवळजवळ असतील तर वॉल फुगतो आणि रेप्लिका मागे पडतात. मॅक्स वॉल साइझ मूळच्या १ जीबीवर ठेवून व्हॅक्यूमला दोष देणे योग्य नाही. बफरच्या बाबतीत मात्र रचना चांगली आहे : व्हॅक्यूम स्वतःसाठी छोटे वर्तुळ राखून ठेवतो, त्यामुळे ॲप्लिकेशनची गरम पाने बाहेर फेकली जात नाहीत. हे वर्तुळ पूर्वी २५६ केबीचे होते, १६ पासून बदलता येते आणि १७ पासून मूळचेच २ एमबी आहे.

रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनातून) हाताने व्हॅक्यूम चालवण्याची पद्धत अजून लोकप्रिय आहे. तिच्यात एक खोच आहे : हाताने दिलेल्या व्हॅक्यूमला मुळात झोपच नसते, तो डिस्क पूर्ण क्षमतेने वापरतो. खरोखर निवांत वेळ असेल तर ते उत्तमच, शिवाय १३ पासून हाताने दिलेला व्हॅक्यूम अनेक इंडेक्स एकाच वेळी हाताळू शकतो. पण पुण्यात बसून अमेरिकी ग्राहकांचे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना विचारून पाहावे की रात्री दोनची निवांत वेळ नक्की कोणाची. आपली मध्यरात्र ही तिकडची ऐन दुपार असते, आणि त्या क्रॉनची वेळ बहुधा सर्व्हर लावणाऱ्याच्या घड्याळाने ठरवलेली असते. ऑटोव्हॅक्यूमला स्वतःची वेळखिडकी नाही, दिवसा हळू आणि रात्री जोरात असे त्याला सांगता येत नाही, ही माझी त्याच्याविषयीची जुनी तक्रार आहे. १६ पासून गतीची सेटिंग बदलून पुन्हा वाचायला लावली की चालू असलेला व्हॅक्यूमही ती लवकर मानतो, त्यामुळे दोन क्रॉन आज्ञांनी हे काम भागवता येते; तरीही हा जुगाड आहे. दुसरी तक्रार अशी की १८व्या आवृत्तीतही अनेक इंडेक्स एकाच वेळी हाताळण्याची सोय ऑटोव्हॅक्यूमला मिळालेली नाही.

निरीक्षणाच्या बाबतीत आता तक्रारीला फारशी जागा नाही. १५ पासून दहा मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या ऑटोव्हॅक्यूमची नोंद लॉगमध्ये आपोआप येते. मी ती मर्यादा बरीच खाली ठेवतो. १८ मध्ये व्हॅक्यूम प्रत्यक्षात किती वेळ झोपला हेही मोजता येते, फक्त त्यासाठी एक सेटिंग चालू करावे लागते. हा एक आकडा बहुतेक वाद मिटवतो. पाच तास चाललेल्या व्हॅक्यूममधले चार तास झोपेचे असतील, तर त्याला आणखी हळू करण्याचा प्रस्ताव बैठकीतून मागे घ्यायला हरकत नाही. वर्करांची संख्याही १८ पासून सर्व्हर पुन्हा सुरू न करता, आधी राखून ठेवलेल्या १६ जागांच्या मर्यादेत, बदलता येते.

ऑटोव्हॅक्यूम इमाने-इतबारे चालूनही मृत नोंदी कमी होत नसतील, तर कारण जवळजवळ नेहमीच त्याच्या बाहेर असते : तासन्‌तास उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन, कोणी वापरत नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकासाठी डेटा राखून ठेवणारी खूण), विसरलेले प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन (तयार करून अंतिम मंजुरीसाठी थांबवलेले) किंवा रेप्लिकावरून परत येणारा हॉट स्टँडबाय फीडबॅक (तिथल्या क्वेरींना अजून कोणत्या नोंदी हव्यात याचा निरोप). हे चारही व्हॅक्यूमचे हात बांधतात आणि तो तीच पाने पुन्हा पुन्हा वाचून रिकाम्या हाती परततो. उघडे ठेवून निघून गेलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी ९.६ पासून वेळमर्यादा घालता येते. ती मूळ सेटिंगमध्ये बंद का असावी हे मला अजून पटलेले नाही.

फुगलेल्या टेबलाची जागा डिस्कला परत मिळवणे हे मात्र ऑटोव्हॅक्यूमचे काम नाही, आणि त्यासाठी व्हॅक्यूम फुल चालवणे म्हणजे काम संपेपर्यंत टेबलाला कुलूप लावणे. इंडेक्सच फुगले असतील तर १२ पासूनची रीइंडेक्स कन्करंटली ही आज्ञा पुरते. संपूर्ण टेबलासाठी पीजी रीपॅक हे स्वतंत्र एक्स्टेन्शन वापरावे लागते : ते टेबलाची नवी प्रत बांधते, तोवर होणारे बदल ट्रिगरने टिपून ठेवते आणि शेवटी दोन्हींची अदलाबदल करते. त्याला प्राथमिक की किंवा रिकामी नसलेली युनिक की लागते, आणि टेबल व त्याचे इंडेक्स मिळून जेवढी जागा व्यापतात तिच्या साधारण दुप्पट जागा डिस्कवर मोकळी हवी. कडक लॉक ते फक्त आरंभी आणि शेवटी थोडा वेळ घेते, पण ते लॉक मूळच्या ६० सेकंदांत मिळाले नाही तर आड येणाऱ्या क्वेरी ते स्वतःहून रद्द करते आणि आणखी तेवढीच वाट पाहून ती सत्रेच तोडते. हे टाळणारा नो किल बॅकएंड हा पर्याय त्यात आहे; दिवसाच्या वापरात चालणाऱ्या डेटाबेसवर तो दिल्याशिवाय पीजी रीपॅक सुरू करू नये.